सेनिओ नदीची रुंदी पंधरा फूट

सेनिओ ही इटलीतली नदी गूगल मॅपवर शोधायला गेलात तर आधी ती दिसणारच नाही. बरंच झूम करावं लागतं. बोलोन्या आणि रावेन्ना या दोन शहरांच्या मधल्या सपाट शेतांमधून एक बारीक निळी रेघ जाते, तीच ती. १९४५ साली जिथे लढाई झाली तिथे तिचं पात्र पंधराएक फूट रुंद होतं आणि पाणी चार-पाच फूट खोल. आमच्या पारनेर तालुक्यात याला कुणी नदी म्हणणार नाही, ओढा म्हणतील.

पण या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना, पुरापासून शेतं वाचवण्यासाठी घातलेले मातीचे भराव होते. तीस-पस्तीस फूट उंच आणि जवळजवळ उभे. म्हणजे तीन मजली इमारतीएवढे दोन बांध, आणि मधे खाली पाणी. जर्मन सैन्याने हे दोन्ही बांध आतून उंदरासारखे पोखरले होते. बांधाच्या पोटात खंदक, मशीनगनच्या जागा, झोपायच्या खोल्या. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर, खंदकांच्या वरच्या बाजूला, सुरुंगांचा पट्टा. पाण्यात उतरायचं तर सुरुंगांतून, आणि पलीकडे चढायचं तर पाठीमागच्या बांधातून गोळ्या खात.

९ एप्रिल १९४५. दुपारभर शेकडो विमानांनी बॉम्ब टाकले आणि संध्याकाळी हल्ला सुरू झाला. उजवीकडे-डावीकडे न्यूझीलंडची डिव्हिजन, पोलिश तुकड्या आणि आपली ८ वी इंडियन डिव्हिजन. त्या डिव्हिजनमध्ये फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. या पलटणीची एक कंपनी पूर्वेकडचा बांध घेणार, आणि तीन मिनिटांनी दुसरी कंपनी तिच्यामधून पुढे जाऊन पश्चिमेकडचा बांध घेणार, असं ठरलं होतं. तीन मिनिटं. आमच्याकडे स्टँडअप मीटिंगला लोक याहून जास्त उशिरा येतात.

त्या कंपनीत तेवीस वर्षांचा एक शिपाई होता, नामदेव जाधव. गाव निमज, तालुका संगमनेर, जिल्हा अहमदनगर. काम कंपनी रनरचं. वायरलेस बंद पडला, तारा तुटल्या की निरोप पायी पोचवणारा माणूस म्हणजे रनर. मी बॅकएंडवर काम करतो. एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे निरोप पोचला नाही तर काय करायचं, हे लिहिण्यात माझे दिवस जातात. पोचला नाही तर पुन्हा पाठव, असं आम्ही कोडमध्ये लिहून ठेवतो. तिथे 'पुन्हा पाठव'चा अर्थ दुसरा माणूस पाठव असा होता.

नामदेव आपल्या कंपनी कमांडरबरोबर नदी ओलांडून पलीकडच्या काठाला लागले, आणि त्याच क्षणी मागच्या बांधातल्या किमान तीन ठाण्यांवरून मशीनगन सुरू झाल्या. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे सगळे मेले. नामदेव एकटे धड राहिले. कुणी हुकूम दिला नव्हता. त्यांनी एका जखमीला उचललं, पाण्यातून परत आणलं, सुरुंगांच्या पट्ट्यातून उभा बांध चढून पलीकडे सुखरूप ठेवलं. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा बांध ओलांडला आणि सगळ्यात जवळच्या ठाण्यावर टॉमीगन घेऊन धावले. ते ठाणं गप्प झालं, पण हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना म्हणून ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले, पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून आणखी घेतले, आणि उरलेली दोन ठाणीही संपवली. शेवटी तोफगोळे पडत असताना बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत उरलेल्या कंपन्यांना हात करून बोलावलं.

हे सगळं व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रात आहे. मी काहीही वाढवलेलं नाही. ते इंग्रजी इतकं कोरडं आहे की पहिल्यांदा वाचताना बग रिपोर्ट वाचतोय असं वाटलं. नंतर ते कोरडेपणच अंगावर आलं.

याच नदीवर, याच संध्याकाळी, याच डिव्हिजनच्या आणखी एका शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अली हैदर, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचे, कोहाटकडचे पठाण. एक संगमनेरचा, एक कोहाटचा, मधे काही मैलांचा बांध. दोन वर्षांनी दोघांचे देश वेगळे झाले. पलटणीही वाटल्या गेल्या. मराठा रेजिमेंट इकडे आली, फ्रंटियर फोर्स तिकडे गेली.

मला हे शोधायला बराच वेळ लागला, त्याचं कारण स्पेलिंग. लंडनच्या गॅझेटमध्ये आडनाव 'जाधव' असं नाही, शेवटी 'ओ' येतो, 'जाधाओ'सारखं. सर्चमध्ये नेहमीचं स्पेलिंग टाकलं की सरकारी नोंदींतून हा माणूस गायब होतो. युद्धात मेलेल्यांच्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ संस्थेच्या यादीतही तेच. गावांची नावं कुठल्यातरी इंग्रज कारकुनाने कानाला जशी लागली तशी लिहिलेली. मी रविवारच्या रविवार एका स्प्रेडशीटमध्ये ती सरळ करत बसतो. अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, जिल्हा अहमदनगर, इंडिया. एका ओळीत अख्खं घर. इटलीत फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. तिथेच ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी वेगळं स्मारक आहे, कारण त्यांना थडगं नाही, फक्त कोरलेलं नाव आहे. इटलीत पन्नास हजारांच्या आसपास भारतीय सैनिक लढले. ५,७८२ परत आले नाहीत.

माझे पणजोबा परत आले. म्हणून मी आहे, आणि म्हणून हा लेख आहे.

पणजोबा याच बटालियनमध्ये होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत डिस्चार्जचा कागद आहे, घड्यांवर फाटलेला, आणि एक सहा टोकांचा तारा आहे. इटली स्टार. त्याच्या फितीवर लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे आहेत. लहानपणी मला ती फीत आपल्याच झेंड्याची वाटायची, रंग उलटसुलट झालेत एवढंच. पणजोबांना मी पाहिलेलं नाही. त्यांच्याबद्दल जे काही कळलं ते आजीकडून, म्हणजे त्यांच्या सुनेकडून. "मामंजी लढाईचं नाव काढत नसत," एवढंच ती आधी म्हणायची. मग खोदून खोदून विचारल्यावर तीन गोष्टी निघाल्या. एक, तिकडे इतका चिखल होता की खेचरं पोटापर्यंत बुडायची. दोन, तिकडच्या म्हाताऱ्याही आपल्यासारख्याच डोक्याला फडकं बांधून चुलीपुढे बसायच्या. तीन, गावाकडे ओढ्याला गुडघाभर पाणी असलं तरी पणजोबा आधी काठी घालून तळ बघायचे, मग बैल उतरवायचे. लोक हसायचे. "दिसतंय की पाणी, मिल्ट्रीवाले!" ते म्हणायचे, "पाणी दिसतंय. खालचं दिसत न्हाई."

सुरुंगांच्या पट्ट्याबद्दल वाचलं तेव्हा मला ही काठी आठवली. हा संबंध मी जोडतोय, आजी नाही. तिच्या मते मामंजी मुळातच जपून वागणारे होते.

या पलटणीचा इतिहास १७६८ पासूनचा. आधी मुंबईच्या कंपनी सरकारचे शिपाई, मग १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, १९२२ पासून फिफ्थ मराठाची पहिली बटालियन. पलटणीतले लोक तिला जंगी पलटण म्हणतात. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुट अल अमारा इथे १४७ दिवस वेढ्यात अडकली. तिच्याबरोबर ११० वी आणि ११७ वी अशा आणखी दोन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि उपासमारीने खंगलेल्या लोकांना वाळवंटातून कैदेत चालवत नेलं. त्यातले कितीतरी वाटेतच गेले. दुसऱ्या महायुद्धात याच रेजिमेंटच्या पलटणी इरिट्रियात केरनच्या डोंगरांवर होत्या, मणिपुरात सांगशाकला होत्या, आणि इटलीत.

इटलीतल्या ८ व्या डिव्हिजनचा सगळा प्रवास म्हणजे नद्यांची यादी आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये टारांटोला उतरले, आणि मग बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो, कसिनोखालची गारी, आर्नो, लामोने, सेनिओ, सांतेर्नो, पो, आदिजे. इटलीच्या मधोमध डोंगराचा कणा आहे आणि दोन्ही बाजूंना नद्या वाहतात, त्यामुळे दक्षिणेकडून वर जाणाऱ्याला प्रत्येक नदी आडवीच येते. जर्मनांनी प्रत्येकीच्या पलीकडे ठाण मांडलेलं. डिव्हिजनच्या इतिहासाच्या पुस्तिकेचं नावच 'वन मोअर रिव्हर' असं आहे, आणखी एक नदी. पर्जन्यछायेतल्या गावांतून गेलेली ही माणसं. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालणारी. त्यांनी दीड वर्ष फक्त नद्या ओलांडल्या. यात मला कुठेतरी क्रूर विनोद दिसतो, पण पणजोबांना दिसला असेल असं वाटत नाही.

एक वेगळी जागा मात्र सांगितलीच पाहिजे. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला माँतेगुफोनी नावाच्या वाड्यात आठव्या डिव्हिजनमधले हे मराठे मुक्कामाला होते. लेखक एरिक लिंकलेटर तिथे आले आणि त्यांना दिसलं की भिंतींना टेकवून ठेवलेली मोठमोठी चित्रं म्हणजे फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतून बॉम्बपासून वाचवण्यासाठी हलवलेला खजिना आहे. त्यात बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' होतं. आज ते चित्र बघायला उफीझीत रांग लावून तिकीट काढावं लागतं. मराठ्यांनी त्या चित्रांवर पहारा दिला. आमच्या जिल्ह्यातला कुणी एखादा पोरगा वसंतदेवतेच्या चित्रासमोर बंदूक घेऊन उभा असेल, आणि दोन मैलांवर लढाई चालू असेल.

आता अडचणीची गोष्ट.

माझ्या टीममध्ये क्लायंटकडचा एक अमेरिकन आहे, व्हर्जिनियाचा. रिलीज लांबली होती, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, डिप्लॉयमेंट संपायची वाट बघत आम्ही दोघेच कॉलवर होतो. बोलता बोलता तो म्हणाला की त्याच्या खापरपणजोबांचा बाप कॉन्फेडरेट सैन्यात पायदळात होता, आणि ९ एप्रिल १८६५ ला जनरल लीने अपोमॅटॉक्सला शरणागती दिली तेव्हा तिथे होता. मी तारीख ऐकून दचकलो. बरोबर ऐंशी वर्षांनी सेनिओ. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तुझे पणजोबा कुठल्या बाजूने होते?"

त्याच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. त्याच्या घरात यावरून भांडणं झालेली आहेत. २०२१ मध्ये रिचमंडमधला लीचा भव्य पुतळा उतरवला तेव्हा त्याचे वडील आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. वडिलांचं म्हणणं, आमचा माणूस गरीब शेतकरी होता, त्याच्याकडे एकही गुलाम नव्हता, तो आपल्या गावासाठी लढला. मुलाचं म्हणणं, असेल, पण तो ज्यांच्यासाठी लढला त्यांनी गुलामगिरी टिकवायची म्हणूनच वेगळं व्हायचं ठरवलं होतं, आणि तसं लिहूनही ठेवलं होतं. मला मुलाचं पटतं. गरिबाने बंदूक धरली म्हणून ती कशासाठी धरली हे बदलत नाही.

मग आपलं काय? मी त्याला म्हटलं, इटलीत ते हिटलर-मुसोलिनीविरुद्ध लढले. हे खरं आहे आणि छोटं नाही. पण ते पूर्ण उत्तर नाही, हेही मला माहीत होतं.

कारण पणजोबा इटलीत नद्या ओलांडत होते तेव्हा त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात काय चाललं होतं? ९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले आणि कार्यकारिणीतल्या बऱ्याच जणांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, आझाद. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथे लिहिलं, आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं. बंगालात १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसं मरत होती. नेहरूंना १९४५ च्या मार्चअखेर नगरच्या किल्ल्यातून हलवलं. त्यानंतर पंधरवडाही उलटला नव्हता तेव्हा नामदेव जाधव सेनिओत उतरले. आणि जूनच्या मध्यावर नेहरू सुटले, त्याच सुमारास लंडनच्या गॅझेटमध्ये नामदेवांचं नाव छापून आलं. एका जिल्ह्याच्या किल्ल्यात राजाचे कैदी आणि त्याच जिल्ह्याच्या एका गावातला राजाचा शूरवीर. शाळेच्या सहलीत आम्हाला किल्ला दाखवला आणि रणगाड्यांचं म्युझियमही दाखवलं. ही दोन्ही वर्षं एकच आहेत, हे कुणी सांगितलं नाही.

भारतीय सैन्यात त्या युद्धात पंचवीस लाख माणसं होती आणि सगळी स्वखुशीने भरती झालेली, असं अभिमानाने सांगतात. 'स्वखुशी' या शब्दापाशी मी अडखळतो. आजीला विचारलं, मामंजी भरती का झाले? तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं, माणूस जेवतो का. "पगार मिळत व्हता. दोन टायमाचं खायला मिळत व्हतं. हितं काय व्हतं?"

पुण्याहून गावी जाताना मला नगर रस्त्याला कोरेगाव भीमा लागतं. तिथला विजयस्तंभ ब्रिटिशांनी आपल्या १८१८ च्या लढाईची आठवण म्हणून उभारला. त्यावर ज्यांची नावं आहेत त्यांत कंपनीच्या पलटणीतले महार सैनिक बरेच आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थ बदलला. तो कंपनीच्या विजयाचा राहिला नाही, ज्यांना माणूस मानलं जात नव्हतं त्यांच्या हिमतीचा झाला. याच लोकांची भरती ब्रिटिशांनी पुढे बंद केली होती आणि १९४१ मध्ये, गरज पडली तेव्हा, महार रेजिमेंट उभी केली. सैनिक ज्याच्यासाठी लढला त्याचा इतिहास आणि सैनिकाचा स्वतःचा इतिहास एकच असतो असं नाही, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या रस्त्याने जास्त शिकवलं. व्हर्जिनियावाल्याला मी हे सगळं सांगितलं नाही. डिप्लॉयमेंट झालं होतं आणि त्याला मुलीला शाळेतून आणायचं होतं.

हा सगळा खटाटोप मी नुसता हौस म्हणून करत नाहीये, हेही सांगतो. माझा चुलतभाऊ एकोणीस वर्षांचा आहे. बारावी झाली, आणि तो अग्निवीरची तयारी करतो. पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर पळतो. चार वर्षांची नोकरी. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना पुढे ठेवतात, बाकीच्यांना अकरा लाख एकाहत्तर हजारांच्या आसपास निधी देऊन घरी. तात्या, म्हणजे त्याचे वडील, मला फोन करून म्हणतात, "तू शिकलेला. त्याला सांग जरा. कॉम्प्युटरचं काहीतरी शिकव, तिकडं पुण्यात लाव कुठंतरी." मी काय सांगू? आमच्या कंपनीत गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या एका मेलवर रिकाम्या झाल्या. त्यांना चार वर्षांचीही हमी नव्हती.

मी त्याला थेट विचारलं, कशासाठी जायचंय? मला वाटलं देश म्हणेल, कारण त्याच्या स्टेटसला तेच असतं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दादा, वर्दी घालून गावात आलं की लोक नीट बोलतात." पणजोबांच्या पगारापेक्षा हे वेगळं कारण आहे का, ते मी अजून ठरवतोय.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी नामदेव जाधवांचं सन्मानपत्र मराठीत करून नेलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून मोबाइलमधून वाचून दाखवलं. तात्या ऐकत नसल्यासारखं दाखवत सुपारी कातरत होते. चुलतभाऊ मधेच थांबवून विचारायचा. बांध किती उंच? टॉमीगनमध्ये किती गोळ्या? हात बरा झाला का त्यांचा? मी म्हटलं, ते युद्धातून परत आले, १९८४ ला पुण्यात वारले. त्याला हे ऐकून बरं वाटलेलं दिसलं.

आजी शेवटपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते दोघं कोण व्हते?"

"कोण दोघं?"

"ज्यांला त्यानं उचलून आणलं ते."

मी पुन्हा वर स्क्रोल केलं. एक जखमी, मग दुसरा जखमी, एवढंच. त्या कागदात नाव फक्त नामदेवांचं आहे.

"मंग त्यांच्या घरी म्हाईत असंल का, कुणी आणलं ते?"

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, उद्या उठशील का? स्टॉपवॉच धरायला कुणी नसतं."

सकाळी धुकं होतं. एक पूर्णांक सहा किलोमीटर, पूर्ण गुणांसाठी साडेपाच मिनिटं. तो शाळेच्या कमानीपासून सुटला आणि पुलापर्यंत दिसेनासा झाला, नुसते बूट ऐकू येत होते. परत कमानीपाशी पोचला तेव्हा पाच मिनिटं एक्केचाळीस सेकंद झाली होती. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत त्याने विचारलं, किती. मी मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"अजून अकरा," तो म्हणाला, आणि चालत पुन्हा कमानीकडे निघाला.